तळ्याकाठची जमीन

तळं कधी खोटं बोलत नाही, असं अनाएली माकुंडीचं ठाम मत होतं. हे मत त्याला मोशीच्या एका हॉटेलात, दोन दिवसांच्या मत्स्यपालन शिबिरात मिळालं. तिथलं सगळं पाणी बाटलीबंद होतं.

किलिमांजारोच्या उतारावर तेमू म्हातारा तळ्याकाठची जमीन विकत होता. मासे पाळायचे म्हणून अनाएली आणि त्याची बायको न्देशी अरुशा शहरातली खोली सोडून आले होते. सामानाचा टेम्पो वर रस्त्यावर उभा होता. सौदा फिसकटला तर रात्र टेम्पोतच काढायची होती.

सकाळी तळं काठोकाठ भरलेलं होतं. अनाएलीने पाणी चाखलं, बांधावर पाय आपटून पाहिले आणि पाण्याच्या कडेला खुणेची काठी रोवली. मग तेमूने दोघांना केळ्याची दारू प्यायला घरी नेलं. परत येऊन बघतात तो काठी चिखलात, पाणी हातभर खाली.

"शिबिरात काठीचं काय सांगितलं होतं?" न्देशीने विचारलं.

अनाएलीने बांधाला कान लावला. कुठे भेग नाही, पाझर नाही, बेडकाचा आवाजही नाही. खालून कुणीतरी सावकाश पीत असावं, तसं पाणी उतरत होतं. तेमू केळीखाली शांत बसला होता. म्हणाला, रोजचंच आहे ते.

मग अनाएलीला बांधाच्या अलीकडे इसालेची झुडपं दिसली. हिरवी, उंच, नुकतीच लावलेली. त्याच्या आजाच्या थडग्यावर होती तीच इसाले. टेम्पोवाल्याने वरून दोनदा हॉर्न वाजवला.

दुपार कलली तेव्हा तळाचा काळा गाळ उघडा पडला होता.

"काका, खरं सांगा. या इसालेखाली कोण आहे?"

तेमूने आधी इसालेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तिथे कोण असणार रे बाबा? हद्द आहे ती. तळं गावच्या पाटाचं. रात्री भरतं, दिवसा तळच्या मोरीतून खालच्या शेतांना जातं. मी अलीकडची जमीन विकतोय. तळ्याकाठची."

न्देशी टेम्पोकडे चालू लागली. हद्दीच्या अलीकडे रताळी लावलेली होती.