पिंकीचे दहा दिवस

कानिफनाथला कुत्रं चावलं, हे ऐकून भिंगार कॅम्पात कुणालाच नवल वाटलं नसतं. चार बंगल्यांची चार कुत्री सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायची, हाच त्याचा धंदा. नवल वाटलं असतं ते कोणतं चावलं याचं.

कर्नलसाहेबांचा टायगर चावला असता तर निदान शोभलं तरी असतं. जातीचा अल्सेशियन, मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे पंजे थेट कानिफच्या खांद्यावर. पण टायगर नुसता नावाचा. रस्त्यात शेळी दिसली की तो कानिफच्या मागे दडायचा आणि शेळी पार नजरेआड झाल्यावर मोठ्या रुबाबात भुंकायचा. शेजारच्या बंगल्यातला ब्रूनो लॅब्राडोर. त्याला चावायला सवडच नव्हती, कारण तोंड सदा भरलेलं. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी कानिफच्या बायकोने, चांगुणाने, एकदा त्याच्यासाठी रुमालात बांधून दिली होती. ब्रूनोने ती रुमालासकट गिळली आणि वर आणखी आहे का म्हणून खिसा हुंगला. तिसरा बंटी, डॅशहंड. लांबी दोन कुत्र्यांची आणि उंची अर्ध्याची. भिंगारची पोरं त्याला आगगाडी म्हणायची. पायरी चढताना त्याचं पोट घासायचं म्हणून त्याला उचलून घ्यावं लागे, आणि उचललं की तो कानिफची हनुवटी चाटत बसे.

राहिली पिंकी. मेजरसाहेबांच्या मेमसाहेबांची पामेरियन. पिंजलेल्या कापसासारखी पांढरी, नाकाच्या शेंड्यावर राग, आणि धुळीत पाय टाकायला महाराणीला कमीपणा वाटायचा. अख्ख्या कॅम्पात तिला कुणी कुत्र्यात धरत नव्हतं. चावली ती.

कानिफ मूळचा पाथर्डीकडचा. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला, तेव्हा नवरा-बायको दाराला कडी घालून भिंगारला आली. चांगुणा चांदबिबीच्या महालाखाली रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली, आणि कानिफला हे काम मिळालं. पहिले आठ दिवस तो लाजेने मान खाली घालून चालला. बाप्या माणसाने हातात दोऱ्या धरून कुत्र्यांमागे पळायचं, आणि ती थांबतील तिथं थांबायचं! गावाकडचं कुणी भेटलं की विचारायचं, "काय कानिफा, कोण कोणाला फिरवतंय?" पण जनावर कोणतंही असो, त्याचा लळा लागायचाच. महिन्याभरात त्याची मान वर झाली. पिंकीशी तेवढं त्याचं जमलं नाही.

चैत्रातली सकाळ होती. बंगल्यासमोरच्या कोरड्या चारीवरून न्यायला त्याने पिंकीच्या पोटाखाली हात घालून तिला उचललं. ती गर्रकन वळली आणि तिने मनगटात दात रुतवले. रक्ताचे दोन टपोरे थेंब आले. एवढंच. एरवी त्याने दोन शिव्या हासडून हात लेंग्याला पुसला असता. पण चारच दिवसांपूर्वी एक पिसाळलेलं कुत्रं कॅम्पातून पळत गेलं होतं. जकात नाक्यापाशी लोकांनी त्याला मारलं. ते बंगल्यावरून गेलं तेव्हा पिंकी आवारात मोकळी होती. त्याने तिला तोंड लावलं की नाही, कुणी पाहिलेलं नव्हतं.

कानिफने लहानपणी सख्ख्या चुलत्याला, गहिनीनाथाला, याच दुखण्याने जाताना पाहिलं होतं. पाण्याचा तांब्या दिसला की चुलता किंचाळायचा. शेवटी त्याला बाजेला बांधलं होतं. तेव्हापासून कानिफ जगात कशालाच भीत नव्हता, एवढी एक गोष्ट सोडून.

तो तसाच सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी जखम साबणाने खसाखसा धुतली आणि विचारलं, "कुत्रं कुठं आहे?"

"हाय की. बंगल्यात."

"मग त्याला सांभाळ. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर तुला काही होत नाही. पण खाणं सोडलं, अंधारात जाऊन बसलं, उगाच अंगावर यायला लागलं, तर त्याच घटकेला इकडं पळत ये. चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील, पोटात."

मेमसाहेबांना सांगायची सोय नव्हती. मेजरसाहेबांच्या स्वयंपाक्याने, श्रीमंतने, आधीच कानात सांगून ठेवलं होतं, "गप ऱ्हा बाबा. साहेबाला कळलं तर बंदूक काढून कुत्रीला गोळी घालंल. मंग दहा दिस तू कुणाकडं बगत बसशील?"

हे कानिफला पटलं. ज्या कुत्रीने चावलं तिचाच जीव आता त्याला स्वतःच्या जिवापेक्षा जपायचा होता. असली चमत्कारिक वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

घरी त्याने चांगुणाला सगळं सांगितलं. तिने हातातली काटवट खाली ठेवली, दोन प्रश्न विचारले आणि भाकरी थापायला घेतली. रडली नाही, की देवाला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आली ती दारातूनच म्हणाली, "कुत्रं कसं हाय?"

"बरं हाय."

"खाल्लं का?"

"दूध प्याली. पाव खाल्ला."

"बरं झालं," म्हणून ती हातपाय धुवायला गेली. रोज हेच. हळूहळू कानिफच्या मनात अढी बसली. बायको नवऱ्याला एकदा तरी विचारील की नाही, तुमी कसे हाय म्हणून! कुत्री दूध प्याली की हिचं समाधान. शिवाय ती रोज घरी उशिराने यायला लागली होती. विचारलं की "काम लांब गेलंय" म्हणायची. कानिफ मनातल्या मनात धुमसत राहिला.

इकडे पिंकीचे मात्र लाड सुरू झाले. ऊन लागायच्या आत तिला फिरवून आणायचं. गावठी कुत्र्यांच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. टायगरने सहज हुंगलं तरी कानिफ त्याच्यावर खेकसायचा आणि टायगर बिचारा दिवसभर तोंड पाडून बसायचा. पिंकी जरा दमली की हा तिला कडेवर घ्यायचा, पण आता पोटाला हात न लावता. "पी गं बाई, पी," म्हणून वाटी तोंडाशी धरायचा. ती गुरगुरली तरी हा हात जोडायचा. सातव्या दिवशी मेमसाहेब कौतुकाने म्हणाल्या, "कानिफ, तुम पिंकी से बहुत प्यार करता है." कानिफने मान डोलावली. खरं सांगून उपयोग नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी तो बंगल्यावर गेला, तर पिंकी दाराशी नव्हती. साहेब-मेमसाहेब पहाटेच पुण्याला गेले होते. श्रीमंत मागच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"कानिफा, खरं सांगू का, लक्षण बरं न्हाई. रातीपासनं तोंडाला काय लावलं न्हाई. सामानाच्या खोलीत बाजेखाली शिरलीया. मेमसाबची साडी फाडली. म्या वाकून बगितलं तर अंगावर आली."

खाणं सोडलं. अंधारात बसली. अंगावर आली. डॉक्टरांनी बोटावर मोजून दिलेलं सगळं आलं. कानिफ श्रीमंतच्या शेजारी बसला आणि घागरीकडे बघायला लागला. पाणी बघून घसा आवळतो का, हे तपासत होता. मग उठून तांब्याभर पाणी प्याला. गेलं की खाली! तरी मन ऐकेना.

"पळ दवाखान्यात," श्रीमंत म्हणाला.

"जातो. पन एकदा बगून जातो."

"मरायचं हाय का?"

"त्येच तर बगायचंय."

त्याने बॅटरी घेतली, हाताला पोतं गुंडाळलं आणि सामानाच्या खोलीत पालथा पडून बाजेखाली उजेड टाकला. पिंकी गुरगुरली. दोन डोळे चकाकले. साडीच्या चिंध्यांचं घरटं केलेलं होतं, आणि तिच्या पोटाशी काहीतरी वळवळत होतं. एक. दोन. तीन.

"काय झालं रं? मेली का?" बाहेरून श्रीमंत ओरडला.

कानिफ तसाच पालथा पडून हसत होता आणि नाकातून पाणी गळत होतं. शेवटी कसाबसा म्हणाला, "आरं, बाळात झाली! तीन हायती!"

त्या केसांच्या ढिगाऱ्यात पोट कुणाला दिसलं नव्हतं. मेमसाहेबांना वाटायचं पिंकीला पाव मानवतोय. आणि पोटुशीच्या पोटाखाली हात घालून उचलल्यावर ती चावणार नाही तर काय करणार? माणूस असती तर तिने मुस्काटात दिली असती.

पिल्लं तपकिरी, लांबलचक, आणि पाय जवळजवळ नाहीतच. बाप कोण, हे विचारायची गरज नव्हती. दोन महिन्यांमागे कानिफने चारही कुत्री चहाच्या टपरीमागे एकाच लिंबाला बांधून निवांत चहा प्याला होता. आगगाडीने तेवढ्यात गाठलं म्हणायचं.

संध्याकाळी मेमसाहेब आल्या. पिल्लं बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि हे कसं झालं म्हणून कानिफला फैलावर घेतलं. कानिफ समोर उभा राहून नुसता हसत होता. मेजरसाहेबांनी एक पिल्लू उचलून उलटसुलट केलं आणि तेही हसायला लागले. म्हणाले, एक आपण ठेवू. मग मेमसाहेबांचा आवाज खाली आला. त्या घडीला त्यांनी कामावरून काढलं असतं तरी कानिफला वाईट वाटलं नसतं.

डॉक्टरांनी मात्र बजावलं, "बाळंतीण आहे, छान. तरी दहा दिवस पुरे होऊ देत." म्हणून आणखी दोन दिवस तो रोज बाजेखाली डोकावून आला. दहाव्या दिवशी पिंकीने दूध-पाव खाऊन वाटी चाटली आणि कानिफला आपणहून पिल्लाला हात लावू दिला. डॉक्टर म्हणाले, "जा आता घरी. आणि पुढच्या वेळी उचलताना विचारून उचल."

कानिफ भिंगारच्या रस्त्याने जवळजवळ पळतच घरी आला. चांगुणा अजून यायची होती. दिवस मावळतीला लागला तेव्हा ती दारात आली आणि तिने नेहमीचं विचारलं, "कुत्रं कसं हाय?"

"झक्कास हाय. दहा दिस झाले. डॉक्टरनं मला मोकळा केला."

चांगुणा उंबऱ्यावर मटकन बसली. पदर तोंडाशी धरला आणि हमसून हमसून रडली, दहा दिवसांचं एकदम. कानिफ गोंधळला. त्याची अढी कुठल्या कुठे गेली. तिच्यासमोर उकिडवा बसला, तेव्हा त्याला तिचे पाय दिसले. टाचा उलल्या होत्या, एक अंगठा ठेचाळून काळा पडला होता. खडी फोडून पायाची अशी दशा होत नाही.

"ह्ये काय गं?"

"कुत्रं चावलं की सात हिरींत डोकवावं लागतं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमी ऐकलं नसतं. म्हनून काम सुटलं की मीच जात हुते, तुमचं नाव घिऊन. पानी दिसंल तीच हीर धरायची. दरेवाडी, वाकोडी, नागरदेवळं, समदं फिरले. पानी फकस्त पाचच हिरींत गावलं."

"आन कोरड्या?"

"चाळीसच्या वर गेल्या. नंतर मोजायचं सोडलं."

कानिफने तिचा ठेचाळलेला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. ती संकोचून पाय ओढायला लागली, तर त्याने सोडला नाही.

"मंग कोरड्याच लागू पडल्या म्हनायच्या," तो म्हणाला, आणि चांगुणा रडता रडता हसली.