हेमराजची हरकत

बँकेवर निर्बंध आल्याचं कळलं तेव्हा हेमराज हातातली कात्री खाली ठेवून खुर्चीत बसला, तो बसूनच राहिला. नागपूरजवळच्या बेशात त्याचा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना. आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे, हा शिलाई मशीनवर. धंद्याचा सगळा पैसा एकाच सहकारी बँकेच्या चालू खात्यात, आणि ते खातंच गोठलेलं! कारखान्यात शिवणाऱ्या बायकांची मजुरी थकली. त्यांच्यातली पुष्पलता दुसरीकडे कामाला लागली, तर हा म्हणाला, "काही हरकत नाही." मशिनी घ्यायला आलेल्याने मातीमोल भाव सांगितला, तरी तेच. ना रडला, ना भांडला. माणूस पार बधिर झाला होता.

अशात पेपरात आलं की ठेवीदार आणि छोट्या धंदेवाल्यांच्या रक्षणासाठी नवा कायदा येतोय, त्याच्या मसुद्यावर नागपुरात सुनावणी आहे. त्याची बायको सुभद्रा हिने बातमी नीट वाचली.

"अजी, घरगुती ठेवी आधी मोकळ्या करू म्हणते. धंद्याच्या चालू खात्याचं त नावच नाही! उद्या चला तिथं."

"जाऊन का होते वं?"

"मशिनी विकून तरी का होते?"

दोघं गेली. सभागृहात बडे ठेवीदार ऐटीत बोलून गेले. मग अधिकाऱ्याने समोरच बसलेल्या हेमराजकडे पाहिलं. "चालू खातं यात घेतलेलं नाही. तुमची काही हरकत, काका?"

हेमराज उठला. जन्माची सवय! हात जोडून म्हणाला, "काही हरकत नाही, साहेब."

साहेबांनी मान हलवली आणि पान उलटलं. झालं, कारखान्याचा निकाल लागला!

"थांबा साहेब!" सुभद्रा ताडकन उठली. "ह्यायले वाटलं, तुम्ही चहाचं विचारून राहिले!"

हॉलभर हशा पिकला. ती नवऱ्याकडे वळली. "काहून असे करता जी? बँकेच्या सभेत दरसाल मंजूर, मंजूर म्हणत हात कोणी वर केले? आपणच ना! तिकडं संचालकांनी सोयऱ्याधायऱ्यांले कर्जं वाटली. भलेपणा वेगळा आन् गप्प बसणं वेगळं. इथं कायदा लिहून राहिले हे लोक. आता नाही बोलले, त उद्या कोणत्या तोंडानं रडान?"

हशा थांबला. हेमराज साहेबांकडे वळला.

"साहेब, माही हरकत आहे," तो म्हणाला. "चालू खात्यात माह्या कारागिरांची मजुरी आहे. ठेवी वाचवून मजुरी बुडत असन, त हा कायदा कोणासाठी हाय जी?"

मागून पापडवाली उठली, छापखानेवाला उठला. "आमचीही हरकत लिहा!" साहेबांनी पान परत मागे उलटलं आणि लिहू लागले.

कायदा अजून झालेला नाही. खातंही बंदच आहे. पण घरी आल्यावर हेमराजने मशिनींच्या गिऱ्हाइकाला फोनवर साफ नाही म्हटलं, आणि तिथंच, मशीनवर डोकं टेकून, ढसाढसा रडला. सुभद्राने त्याला रडू दिलं.

बंधुभगिनींनो, सभेत हात वर करण्याआधी विचारा, मंजुरी कशाला देतोय. सुनावणी असेल तर जा, आणि दुखतंय तिथं दुखतंय म्हणा. आपण भिडेपोटी गप्प राहतो, आणि तीच आपली संमती म्हणून लिहून घेतली जाते.