शुक्रवारचा शिक्का

रविवारी गावची मतदार-नोंदणीची कचेरी उघडायची म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. पण कायद्यापुढे कुणाचं चालतं? छोट्या पक्षाला जूनच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, उतरायचं तर राज्यातल्या चौदा जिल्ह्यांत त्याची सभा व्हायलाच हवी. सभेला निदान दोन नोंदलेले सदस्य हवेत, एक अध्यक्ष, एक चिटणीस. तेरा जिल्हे झाले होते. चौदावा आमचा, आणि मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

ओडील दोन वाजल्यापासून येरझाऱ्या घालत होती. तिच्या पक्षाचे बाकीचे म्हातारे हिवाळ्यापुरते फ्लोरिडाला पळालेले. गावात उरले इनमीन तीन: ती स्वतः, लुसियन आणि तिचा सोडलेला नवरा रेनो.

"बस की गं बाई, फरशी झिजेल," मी म्हटलं.

"बसवत नाही, थेरेज. सगळं नीट होईल ना?"

तिला आमदारकीला उभं राहायचं होतं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला, आणि गेल्या जानेवारीत तिची लेक बर्फात, रस्त्याकडेला, गाडीतच बाळंत झाली. बाळ हाती लागलं नाही. तेव्हापासून ओडील घराघरांत हिंडत होती.

तिच्यापेक्षा जास्त मलाच धडधडत होतं. शुक्रवारी रेनो रागाने लालबुंद होऊन आला होता आणि पक्ष सोडल्याचा अर्ज त्याने माझ्या टेबलावर आपटला होता. मी नेहमीसारखा शिक्का मारला आणि नोंद राज्याकडे पाठवूनही दिली. ओडीलला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, भित्री मेली मी! म्हटलं, लुसियन येईल, दोघं झाले की भागलं.

चारला फोन वाजला. लुसियनची शेजारीण होती. तो पायरीवरून घसरला, पाय मोडला, त्याला मघाशीच शहरात नेलं.

"म्हणजे आता भिस्त रेनोवर!" ओडील कपाळावर हात मारून म्हणाली. "देवा, कुणाच्या दारात उभं केलंस!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेनोचा बर्फ सारायचा ट्रक बाहेर थांबला. बूट आपटत तो आत आला आणि माझ्या टेबलावर वाकून कुजबुजला.

"तो शुक्रवारचा कागद फाडून टाक गं. डोकं फिरलं होतं माझं."

"फाडू कसा? नोंद गेली."

तिकडे ओडीलने दोन खुर्च्या ओढल्यासुद्धा. "ये, ये! अध्यक्ष तूच हो. जन्मभर हेच तर हवं होतं तुला!"

तीन वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्याशी हसून बोलत होती. तरी मी सांगून टाकलं.

"ओडील, रेनो आता तुमच्या पक्षात नाही. शुक्रवारी सोडला. ही सभा धरता येणार नाही."

"मग आत्ता परत नोंदव त्याला!"

"पक्ष सोडला की परत यायला पंधरा दिवस जावे लागतात."

मला वाटलं, ही आता टेबल उलटवेल. पण तिने एवढंच विचारलं, "शुक्रवारी किती वाजता?"

"पावणेचार."

ती दोनपासून पहिल्यांदा खाली बसली. "तीनला मीच फोन केला होता ह्याला, सभेची आठवण द्यायला."

"मग?"

"म्हटलं, लेकीच्या वेळी पोचला नाहीस, निदान इथे तरी वेळेवर ये."

रेनोने टोपी काढली. "मी त्या दिवशी लेकीकडेच निघालो होतो, ओडील. सगळा घाट बर्फाने भरला होता, सारत सारत येत होतो."

"माहीत आहे," ओडील म्हणाली. "फोनवर तसं बोलले तेव्हाही माहीत होतं."