उंबराचं आवतन

“मावशी, फक्त पाच मिनिटं हां,” हरेशशेट जाता जाता पुन्हा म्हणाला आणि फोन कानाला लावून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

शकूने मान हलवली. सुकापुरातल्या त्या बंगल्यासमोर ती सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. पुढ्यात उंबराची फांदी रोवलेली, हळदकुंकू, नारळ, तांदूळ सगळं मांडून तयार. नव्हती ती फक्त नवरी. हरेशशेटची लेक मनस्वी वरच्या मजल्यावर मेकअपवालीच्या ताब्यात होती. फोटोवाल्याचा दिवा बिघडला होता आणि डीजेवाला ‘हॅलो, चेक, चेक’ करण्यात दंग होता.

शकू म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात उंबरापाशी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायचे आणि देवांना, घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी आवतन द्यायचं, हे तिचं काम. ते झाल्याशिवाय हळद लागत नाही, अशी जुनी रीत. एरवी ती पनवेलच्या बाजारात भाजी विकायची. अलीकडे धवलारणीला विचारतो कोण? डीजे आधी ठरतो, मग हॉल, मग जेवण, आणि सगळं ठरल्यावर एखाद्या म्हातारीला आठवण होते. त्यामुळे हरेशशेटने, “माईकवर गायचंय मावशी, व्हिडिओ काढणार आहोत,” असं सांगितलं तेव्हा शकू हुरळली. खोटं कशाला बोला, चांगलीच हुरळली. नवं हिरवं लुगडं घेतलं, आणि आरशासमोर उभी राहून हातातलं लाटणं तोंडापुढे धरूनही पाहिलं.

पण आज तिला आणखी एका मांडवात पोचायचं होतं.

उरणच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात दमयंतीबाय राहायची. शकूला धवले शिकवले ते तिनेच. गुडघ्यांनी बायला खाटेवर बसवलं होतं, गळा मात्र अजून शाबूत होता. आज तिच्या नातीची, समृद्धीची हळद. बाय स्वतःच गाणार होती, पण एका ठिकाणी घोडं अडत होतं. तिचा नवरा गेल्या साली वारला. सगळा जन्म मिठागरावर राबलेला माणूस, आणि त्याचं नाव बायने जन्मात तोंडातून काढलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव सांगायची पाळी आली की शेजारणीला पुढे करायची. दवाखान्यातली नर्स एकदा वैतागून म्हणाली, “आजी, पेशंट तुमचाच आहे ना?” बाय पदर तोंडाला लावून हसली, पण नाव काही सांगितलं नाही.

“देवांना मी बोलवीन गो,” बाय फोनवर म्हणाली होती. “वाडवडलांना बी बोलवीन. पन त्यांना बोलवाया तू ये. सून तरी सासऱ्याचं नाव कशी घेल? नवऱ्याकरची उष्टी हलद दारात यायच्या आत ये बग. हलद मांडवात आली का आवतन बंद. मंग ते भायेरच ऱ्हातील.”

“येते गो बाय. सुकापूरचं सकालचं हाय. उरकलं का तशीच येते,” शकूने शब्द दिला होता.

आता उन्हं मांडवाच्या कापडावरून खाली उतरून तिच्या पायांपर्यंत आली होती. उठावं असं तिला मघापासून वाटत होतं. पण समोर तो माईक उभा होता, काळा, चकचकीत, आणि तो तिच्यासाठी होता.

कमरेच्या बटव्यात फोन वाजला. समृद्धी होती.

“मावशे, कुटं पोचलीस? हलदवाले निंगले तिकरून. आजी रस्त्यावरची नजर काढत नाय.”

शकू उठली. माईककडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ हरेशशेटसमोर जाऊन उभी राहिली.

“शेट, मी आवतन देते नि निंगते.”

“अहो मावशी, असं काय करता? फोटोग्राफर रेडी नाही, मनस्वी अजून वरच आहे. सगळी आपलीच माणसं आहेत, थांबतील की!”

“थांबतात म्हनून थांबवायची काय शेट? मना बी कुनाच्या तरी दारात पोचायचं हाय.”

आवाज चढला नव्हता, तरी हरेशशेट बाजूला झाला. तसा तो वाईट माणूस नव्हता. दहा माणसं आपल्यासाठी खोळंबली की त्याला घर भरल्यासारखं वाटायचं, इतकंच. खोळंबलेल्यांचाही दिवस सरत असतो, हे त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

शकू तशीच निघून गेली असती तरी तिला कोणी बोल लावला नसता. पण घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. उंबरापाशी उभी राहून, माईकशिवाय, उघड्या गळ्याने तिने धवला धरला. गणरायाला बोलावलं, कुलदेवीला बोलावलं, आणि मग हरेशशेटच्या वडिलांचं, तुळशीरामबाबांचं नाव घेतलं. डीजेवाला चेक करायचा थांबला. हरेशशेटने फोन खिशात टाकला, बूट काढले आणि हात जोडून उभा राहिला. एवढ्या गडबडीत वडील आज त्याला पहिल्यांदाच आठवले असावेत.

“मावशी, गाडी देतो ना,” तो मागून म्हणाला. पण गाडी डीजेच्या टेम्पोमागे अडकली होती. शकूने रिक्षा केली, पनवेलला एसटी पकडली.

उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची ही रांग लागलेली. एसटी गोगलगाईसारखी चालली होती. शकू खिडकीशी बसून स्वतःलाच बोल लावत होती. हरेशशेटला नावं ठेवणं सोपं होतं, पण उभ्याने धवला म्हणून निघायला सकाळी तिचा हात कोणी धरला होता? माईकने धरला होता. तिला नव्या लुगड्याचीसुद्धा लाज वाटली.

ती गावात पोचली तेव्हा हळदवाले दारात आलेले होते. ताट झाकून घेतलेल्या बायका, डोक्यावर रुमाल धरलेले पुरुष, सगळे उन्हात मुकाट उभे. आतून बायचा आवाज येत होता. देव येऊन गेले, वाडवडील येऊन गेले, आणि आवाज थांबला.

गर्दीतून वाट काढत शकू मांडवाच्या कडेला आली.

“थांबतो ना आजी आमी,” नवऱ्याकडचा एक म्हातारा दारातून म्हणाला. “घाई नाय.”

“नको बाबा,” बाय म्हणाली. “शकू कुटं तरी अडाकली असंल. ती यायची चुकायची नाय. पन तुमाला उन्हात किती उभं करू? माज्या लाजंपायी?”

‘आले गो बाय!’ असं ओरडायला शकूने तोंड उघडलं. तेवढ्यात बायने पदर कपाळावर ओढून घेतला, डोळे मिटले, आणि गायली:

“यावं यावं दादू, नातीचे मांडवा…”

जन्मात न घेतलेल्या त्या एका नावावर आवाज कापला. सून पदरात तोंड लपवून रडू लागली. बायका ओळ उचलायचंच विसरल्या.

शकूने चपला काढल्या. मागे जाऊन जमिनीवर बसली, आणि शिकायच्या दिवसांत धरायची तशी खालच्या आवाजात मागची ओळ धरली. मग बाकीच्या बायकांनीही धरली.

धवला संपला. समृद्धीने हळदवाल्यांना हात जोडून आत बोलावलं. बायने डोळे उघडले, आणि मागे न वळताच विचारलं, “आलीस?”

“उशीर झाला गो बाय,” शकू म्हणाली.

“बस. ते बी आत्ताच आले.”

आणि बायने खाटेवर जरा सरकून तिला जागा करून दिली.