चाळीस दुरड्या

मेथीचा कडू वास शिवकन्येच्या बोटांना महिनाभर चिकटून होता. रद्दी तीन दिवस भिजवायची, कुटायची, त्यात वाटलेली मेथी कालवायची आणि तो लगदा पालथ्या तांब्यावर थापून सावलीत वाळवायचा. अशा दुरडीला कीड लागत नाही. हे तिला वडिलांनी, अप्पांनीच शिकवलं होतं. घरात कागद वाया गेलेला त्यांना खपायचा नाही.

यंदाच्या दुरड्या तिच्या वहिनीने, नीलम्माने, मागितल्या होत्या. लातुरात नवं घर बांधलं होतं. वास्तूला येणाऱ्या बायकांना वाण द्यायला चाळीस हव्या होत्या. तुला काय, फुकटच्या रद्दीतनं होतात की, असं ती फोनवर हसत म्हणाली. शिवकन्येने नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून लगेच होकार दिला.

रद्दी अप्पांचीच होती. अप्पांनी, म्हणजे गुरुपादप्पा गुरुजींनी, झेडपीच्या शाळेत तीस वर्षं पोरांकडून अक्षर घोटून घेतलं आणि शेवटची दोन वर्षं मुलाच्या, शिवशंकरच्या, जुन्या घरात माडीवरच्या एका खोलीत काढली. ते गेल्यावर शिवशंकरने आधी त्यांचं कपाट, गादी, ट्रंक सगळं उलथंपालथं केलं. वही नाही, डायरी नाही, चिठ्ठी नाही, हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला. पुस्तकं त्याने न उघडताच गंजगोलाईजवळच्या रद्दीवाल्याला घातली. आपल्या बापाने जन्मात कधी डायरी विकत घेतली नाही, हे तो विसरला. अप्पा लिहायचे ते पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर.

शिवकन्येला ते ठाऊक होतं. तिसऱ्याच दिवशी ती रद्दीवाल्याकडून पुस्तकांची दोन पोती परत घेऊन आली. वर्षभर ती पानं तिच्या कपाटात राहिली, आणि वर्षभर शिवशंकर जाईल तिथे आपण केलेल्या अप्पांच्या सेवेच्या गोष्टी सांगत राहिला. ऐकणारे डोळे पुसायचे. नव्या घराला त्याने नावही 'गुरुसेवा' दिलं. त्या पाटीचा फोटो आला, त्या दिवशी शिवकन्येने रद्दी भिजत घातली.

छापील पानांचा तिने लगदा केला. अप्पांच्या विरलेल्या धोतराच्या पट्ट्यांनी काठ बांधले. लिहिलेली पानं तेवढी जपून, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीने, एकेका दुरडीच्या तळाला आतून चिकटवली. शेवटचं पान हातात आलं तेव्हा ती जरा थांबली. मग तेही चिकटवलं.

वास्तूच्या दिवशी नीलम्माने कुंकू लावून खारीक-खोबरं, ब्लाउजपीस भरलेल्या दुरड्या वाटल्या. नीलम्माच्या आईला मात्र शिवकन्येने स्वतःच्या हाताने एक दिली. बायकांनी बारीक कामाचं तोंड भरून कौतुक केलं. गुरुजींच्या जुन्या विद्यार्थिनी शिवगंगाबाईंनी आपली दुरडी पिशवीत रिकामी केली आणि त्या तळाकडे बघत राहिल्या.

"हे तर गुरुजींचं अक्षर हाय," त्या म्हणाल्या आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचू लागल्या. "रविवार. नातवाचा, शिवांशचा वाढदिवस. खाली गाणी चालू आहेत. दार बाहेरून लावलंय. पाणी संपलं."

त्या सावकाश नीलम्माकडे वळल्या. "त्या दिशी मी आलते की. गुरुजी कुठं हायत म्हणलं, तर तुम्ही म्हणलात, नांदेडला लेकीकडं गेलेत."

नीलम्माच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. बायका आपापल्या दुरड्या रिकाम्या करू लागल्या. खारका सतरंजीवर घरंगळल्या. कुणाच्या तळाशी होतं, आज डबा वर आला नाही, कालची भाकरी भिजवून खाल्ली. कुणाच्या तळाशी, चष्मा फुटून वीस दिवस झाले, अंदाजाने लिहितोय, शिवशंकर उद्या बघू म्हणतो.

गलका थांबलेला पाहून शिवशंकर आत आला. जवळच्या बाईच्या दुरडीत डोकावला आणि त्याचा चेहरा उतरला. तरी हसत म्हणाला की चुकीचा माल आलाय, द्या इकडं, दुसरं देतो. शिवगंगाबाईंनी दुरडी पदराखाली घेतली.

"दिलेलं वाण परत घेतेत का कुठं?"

मग तो बहिणीकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "आन तू गं? तू तरी कवा आलतीस?"

हाच प्रश्न ती वर्षभर स्वतःला विचारत होती.

"माझं पण पान हाय, अण्णा. अप्पांनी लिवलंय, शिवकन्येला फोन लावला, उद्या करते म्हणाली. असे चार रविवार हायत त्यात. ते वहिनीच्या आईला दिलंय. त्या गावभर सांगतील."

कोपऱ्यात म्हातारी डोळे बारीक करून वाचतच होती.

बायका जेवायला थांबल्या नाहीत. एकीनेही दुरडी मागे ठेवली नाही. शिवशंकर दारात, 'गुरुसेवा'च्या पाटीखाली, जाणाऱ्यांना कुठल्या तोंडाने नमस्कार करावा या विचारात उभा होता. शिवकन्या खाली बसली आणि सतरंजीवरच्या खारका एकेक करून वेचू लागली. वाया गेलेलं तिलाही खपायचं नाही.