कडी बाहेरून होती

मी दरवाजा बोलतोय. आत्याच्या खोलीचा. म्हणजे, होतो. सध्या मी अंगणात दोन पिंपांवर आडवा पडलोय आणि रंगारी माझ्यावर डबे मांडून रंग कालवतो. कालवू दे बापडा. ज्यांनी माझ्या तोंडाला काळं फासलं, त्यांच्यापुढे हा फारच सभ्य माणूस.

माझी घडण साधीच. जाड लाकडाच्या फळ्या, आडव्या पट्ट्या, तीन बिजागऱ्या. आत्याने सुताराच्या डोक्यावर उभं राहून मला करून घेतलं. "वजनदार हवा हं, वाऱ्याने फडफडणारा नको!" ती तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अख्ख्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ. लोक डायरी न बघता तिलाच विचारायचे.

भाऊ-भावजय गेल्यावर त्यांचा मुलगा तिनेच वाढवला. हा भाचा लहानपणी बंद दाराला घाबरायचा. मग काय, एवढ्या हौसेने करून घेतलेला मी रात्रभर सताड उघडा! मला राग यायचा, नाही असं नाही. पण पोराचा लळा मलाही लागला होताच.

पोरगा मोठा झाला, सून आली, आत्या थकली. एकदा दुपारी दूध आणायला म्हणून निघाली ती चार गल्ल्या पलीकडे सापडली. एकदाच हं! पण घरातले दोघेही नोकरीवाले, धसकले. भाच्याने माझ्यावर बाहेरून कडी बसवून घेतली. "दहा मिनिटांपुरती, आत्या. दुकानात जाऊन येतो."

बोट दिलं की हात धरायचा, ही माणसांची खोडच. दहा मिनिटांचा दिवस झाला. मग ती दोघं घरात असली तरी कडी, पाहुणे आले तरी कडी. आत्या आतून टकटक करायची, "अरे, आहे ना कोणी?" बाहेरून उत्तर यायचं, "आलोच!" येत मात्र कोणी नसे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माणसाच्या खोलीला कडी आतून असते. बाहेरून असते ती गोठ्याला.

आणि मग ती संध्याकाळ. सुनेने कढईत तेल तापत ठेवलं आणि फोनवर बोलत बाहेर जाऊन बसली. तेल पेटलं, पडदा पेटला, भिंतीवरची कपाटं पेटली. भाचा खुर्चीतून उठला आणि पळाला. माझ्यासमोरून पळाला हो! नुसता हात लांब केला असता तर कडी निघाली असती. आत्या आतून मला दोन्ही हातांनी बडवत होती, त्यालाच हाका मारत होती. त्याला तिची आठवण झाली ती रस्त्यावर पोचल्यावर.

मी पुढून जळत होतो. पण जाड लाकूड लवकर हार मानत नाही. फटीतून धूर गेला, आग नाही जाऊ दिली. अग्निशामक दलाच्या लोकांनी मागच्या खिडकीचे गज कापून आत्याला बाहेर काढलं. जिवंत! मला वाटलं, आता कोणीतरी माझ्याही पाठीवर थाप मारील.

कसली थाप न् कसलं काय! भाचा जमलेल्या लोकांना सांगत होता, "दरवाजाच अडकला हो! किती ओढला, उघडेचना!" शेजारी चुकचुकले, "जुनं लाकूड, फुगतंच." करून सवरून हा नामानिराळा, आणि खापर माझ्या डोक्यावर.

आत्या दवाखान्यात असताना घराची डागडुजी निघाली. भिंती साबणाच्या पाण्याने धुतल्या, काजळी खरवडली, नव्या वायरी ओढल्या. मला उतरवून अंगणात सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. सुताराने कडी-कोयंडा काढला, आणि त्याचा हात थांबला. मी सगळा काळाठिक्कर, पण कडीखालचं लाकूड तेवढं स्वच्छ. कोयंड्यात अडकवलेल्या कडीचा हुबेहूब ठसा. बंद कडीचा!

"साहेब, हे..." सुतार भाच्याला म्हणाला.

"घासून टाका. आणि पुन्हा कडी नको. भोकं भरून घ्या."

सुताराने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपल्याला काय, सांगाल तसं," म्हणाला आणि रंधा घेतला. भोकांत लांबीचा लगदा भरला, वरून पॉलिश मारलं आणि मला पुन्हा चौकटीत बसवलं. एवढा देखणा मी कधीच नव्हतो. आणि एवढा खोटाही नव्हतो.

आत्या घरी आली. दाराशी येऊन थबकली.

"तू कडी लावली होतीस रे. मला आतून आवाज आला होता."

"कुठली कडी, आत्या? ह्या दाराला कडी होती कुठे? बघ की तूच."

सून म्हणाली, "धूर डोक्यात गेला की होतं असं, आत्या. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

आत्याने चष्मा पुसला. माझ्यावरून हात फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर. अगं, तिथेच आहे, थोडं डावीकडे, लांबीखाली! मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. पण दरवाजाचं ऐकतो कोण? तिने हात मागे घेतला.

"नसेल बाई. माझंच डोकं फिरलंय."

आग परवडली हो. आगीने तिचं डोकं तिच्यापाशी ठेवलं होतं. ह्यांनी तेही काढून घेतलं, आणि वर पांघरूण म्हणून मला वापरलं.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पण हे दार नको मला. वेळेला दगा देतं."

भाच्याचा चेहरा खुलला. "काढूनच टाकू, आत्या! तुझ्यासाठी नवं आणतो."

नवं आलं. हलकं, आतून पोकळ; काडी लावली तर धडधडून पेटेल. ते बसवताना सुताराने विचारलं, "कडी आतून लावू ना साहेब?"

"आतून नको रे बाबा. तिने लावून घेतली आणि पुन्हा अडकली तर? बाहेरूनच लाव."

खुर्चीत बसलेल्या आत्याने मान हलवली. "हो रे, बाहेरूनच बरी. दार अडकलं तर उघडायला तू आहेस ना."

हे मी अंगणातून माझ्या कानांनी ऐकलं. माझं काय, रंगाऱ्याचं काम संपलं की मला फोडतील, जळणात घालतील. जळायची सवय आहे मला. पण तुम्ही कधी ह्या घरी आलात, तर भाच्याची पाठ वळल्यावर आत्याजवळ बसा. तिला हळूच सांगा, तुझं डोकं शाबूत आहे. कडी होती.