लाइट गेली तेव्हा

"लक्ष्मण घरी नाहीत," त्याच्या पत्नी द्वारकाबाई दारातूनच म्हणाल्या. आत लक्ष्मण खोकत होता. सुनंदाला ते ऐकू आलं, आणि ऐकू आल्याचं द्वारकाबाईंनाही कळलं.

छत्रीबागेतल्या त्या गल्लीत अजून घाणीचा वास होता. कोपऱ्यावर गाडीच्या काचा वर करून सुनंदाचे साहेब परेशजी बसले होते. पलासियाच्या ऑफिसात सांडपाण्याच्या लाइनवर ते तासन्‌तास बोलत, पण नाकावरचा रुमाल काढून गल्लीत उतरण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सुनंदाला पाठवलं होतं. "तुम्ही इथल्याच. गोड बोला."

नदीकाठच्या पंपघरातून वर शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या पाइपलाइनचं सारं गणित सुनंदानेच केलं होतं. पंप एकाएकी थांबला तर चढावरचं पाणी उलटं फिरून पाइपवर आदळेल, तो धक्का झेलायला पंपाजवळ हवेची टाकी हवी, असं तिने सांगितलं होतं. परेशजी हसले होते. "इंदुरात लाइट जाते का कधी?" टाकी ड्रॉइंगमधून गेली. ड्रॉइंगवर सुनंदाचं नाव तर नव्हतंच.

आठवड्यापूर्वी लाइट गेली. जोड फुटला, घाण लोकांच्या स्वयंपाकघरात शिरली, आणि परेशजींनी सांगून टाकलं की पंपावरच्या ऑपरेटरने, लक्ष्मणने, वाल्व झटक्यात बंद केला.

लक्ष्मण बाहेर आला. "मॅडम, मी वाल्वला हातच नाही लावला. लाइट गेली अन् पाइप असा धडाडला, की मी पळालोच."

"माहीत आहे मला, लक्ष्मणजी."

"माहीत आहे तर मग आल्या कशाला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

सुनंदाने खाली बघत सांगितलं. चौकशीत चूक कबूल केली तर लक्ष्मणला दुसऱ्या पंपावर घेतील.

"आमचा माणूस गटारात उतरतो," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या, "घरी येऊन आंघोळ करतो, साफ होतो. तुम्ही लोक कुठे धुता? जा आता, मला पोळ्या करायच्या आहेत."

सुनंदा गाडीपाशी आली. परेशजींनी काच बोटभर खाली केली. "पटला?"

"नाही. चौकशीत मी बोलणार आहे. टाकी तुम्ही काढलीत."

"तुम्ही?" ते खरोखरच चकित झाले होते. "तुम्हाला कोण विचारतंय, सुनंदाजी?"

कोणी विचारलं नाही, तरी ती बोलली. समितीने मान डोलावली, चहा घेतला. लक्ष्मण पुन्हा कामावर गेला. परेशजींवर ठपका आला नाही. पंपघराजवळ टाकी बसली, आणि ऑफिसने त्या 'दूरदृष्टी'साठी परेशजींचाच सत्कार ठरवला. सुनंदाची बदली शहराबाहेर हातोदला झाली, गटाराच्या चेंबरची झाकणं तपासायला.

सत्काराला तिला मुद्दाम बोलावलं होतं. पुष्पगुच्छ तिच्याच हातात दिला. "सिनियर आहात, तुम्हीच द्या." व्यासपीठावर परेशजी माइक धरून सांगत होते, की वीज जाईल हे गृहीत धरूनच खरा इंजिनीअर डिझाइन करतो. टाळ्या पडल्या. तिचं नाव पुकारलं गेलं. परेशजींनी हसून हात पुढे केले.

सुनंदाने पुष्पगुच्छ शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, पदर नीट केला आणि हातोदची बस पकडायला निघाली.